नातीच्या पासपोर्टवर उरलेले ५१ दिवस: मालदीव प्रवेशाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकचं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको, सत्तरीकडे झुकलेली आजी आणि साडेपाच वर्षांची नात. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत पाच रात्री मालदीव असा बेत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी २४ ऑक्टोबरला, मुंबईहून मालेचं थेट विमान आणि बुधवारी २९ तारखेला परत. तिकिटं ऑगस्टमध्ये सवलतीच्या दरात काढलेली, म्हणजे रद्द केली तर हाती फारसं काही येणार नव्हतं. रिसॉर्ट खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून मुक्काम मालेच्या दक्षिणेला असलेल्या माफुशी बेटावरच्या एका छोट्या गेस्टहाउसात. कुटुंबाची ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत.

मी प्रवासाच्या कागदपत्रांचं काम करते. हे लोक माझ्याकडे आले ते कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, आणि तेही फक्त आजींच्या विम्यासाठी. "व्हिसाचं काही नाही, तिथे उतरल्यावर मिळतो," असं वडिलांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

ते खरंच आहे. मालदीव पर्यटकांना विमानतळावरच फुकट व्हिसा देतो. बहुतेक देशांच्या नागरिकांना तो ३० दिवसांचा मिळतो, भारतीयांना दोन्ही देशांमधल्या करारामुळे ९० दिवसांचा. २०२४च्या सुरुवातीला भारत-मालदीव असा समाजमाध्यमांवर जो वाद पेटला होता त्याचा व्हिसावर काही परिणाम झाला का, हे वडिलांनी हळूच विचारलं. झालेला नाही. राजकारणामुळे दार कुणाला बंद झालं असेल तर ते इस्रायली पासपोर्टवाल्यांना, एप्रिल २०२५ पासून.

पण फुकट व्हिसालाही अटी असतात. मशीनने वाचता येणारा आणि किमान एक महिना मुदत असलेला पासपोर्ट, परतीचं पक्कं तिकीट, नोंदणीकृत ठिकाणी राहण्याचं आरक्षण, खर्चापुरते पैसे आणि विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन भरलेला 'इमुगा' नावाचा प्रवासी जाहीरनामा. तो येताना एकदा आणि जाताना पुन्हा भरायचा असतो. त्याला पैसे पडत नाहीत.

अडचण कुठे सापडली

विम्यासाठी चारही पासपोर्ट टेबलावर ठेवले गेले. तिघांचे ठीक होते. नातीचा १५ डिसेंबर २०२० रोजी निघालेला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे मुदत १४ डिसेंबर २०२५. मोठ्यांचा दहा वर्षांचा असल्यामुळे घरात सगळ्यांच्या डोक्यात "दहा वर्षं निवांत" हेच बसलेलं असतं, आणि मुलांच्या बाबतीत इथेच गफलत होते. हा पासपोर्ट वडिलांचं दुबईच्या नोकरीचं चाललं होतं तेव्हा काढलेला. नोकरी जमली नाही आणि पासपोर्ट कपाटात गेला. त्यावरचा फोटो आठ महिन्यांच्या, टक्कल असलेल्या बाळाचा. समोर दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली मुलगी.

हिशेब केला. मालेत उतरण्याच्या दिवशी मुदतीचे ५१ दिवस उरणार होते. मालदीवच्या नियमाप्रमाणे एक महिना पुरतो, म्हणजे कागदावर अडचण नव्हतीच. मग घाबरायचं कशाला?

कारण मालदीवचा अधिकारी भेटायच्या आधी मुंबईत विमान कंपनीचा काउंटर लागतो. परदेशात उतरल्यावर एखाद्याला प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते. म्हणून काउंटरवरचा माणूस शंका आली की अडवतो. आपल्याकडून लोक जिथे जास्त जातात त्या सिंगापूर, इंडोनेशिया, दुबई या ठिकाणी सहा महिन्यांची अट आहे, त्यामुळे सहा महिने हा आकडा कर्मचाऱ्यांच्या, एजंटांच्या आणि प्रवाशांच्याही अंगवळणी पडलेला. मालदीवसाठीसुद्धा अनेक मराठी-इंग्रजी पानांवर सहा महिनेच लिहिलेलं सापडतं.

ज्या देशाचा व्हिसा वकिलातीतून घ्यावा लागतो तिथे कागदांची शंका महिनाभर आधी निघते आणि तिचं उत्तर लेखी मिळतं. उतरल्यावर व्हिसा देणाऱ्या देशाच्या बाबतीत तीच तपासणी निघायच्या दिवशी, रांगेत, पाच-दहा मिनिटांत होते. आणि ती करणारी व्यक्ती त्या देशाची अधिकारी नसते. या कुटुंबाची सगळी अडचण एवढीच होती, आणि ती बरीच मोठी होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय वडिलांचा. नियम आपल्या बाजूने आहे, छापील प्रत घेऊन जाऊ. खर्च शून्य. पण काउंटरवर नातीला अडवलं तर एकटी नात मागे राहणार नाही, तिच्याबरोबर किमान एक जण थांबणार, म्हणजे सहल मोडलीच.

दुसरा पर्याय आईचा. तत्काळमध्ये नवा पासपोर्ट. लहान मुलांसाठी हजार रुपये साधं शुल्क आणि तत्काळचे वरचे दोन हजार. पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा, की नव्याला मंजुरी मिळाली की जुना पासपोर्ट त्याच वेळी रद्द केला जातो. आणि मग नवा वेळेत हातात पडला नाही, तर हातात कोणताच पासपोर्ट नाही. ५१ दिवसांचासुद्धा नाही.

या पर्यायात आणखी एक खोच होती. आईच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव होतं आणि नवऱ्याचं नाव नोंदलेलंच नव्हतं. आई-वडील दोघांचेही पासपोर्ट असले आणि त्यांत जोडीदाराचं नाव असलं, की मुलांचं काम सहसा पोलीस पडताळणीशिवाय होतं. इथे फाइल पडताळणीकडे वळण्याची शक्यता होती. दिवाळीच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून अहवाल कधी जाईल, हे कोण सांगणार?

तिसरा पर्याय सहल पुढे ढकलण्याचा. गेस्टहाउसची तारीख बदलून मिळत होती, विमानाचा दंड मात्र जवळपास तिकिटाइतका. शिवाय मुलीची शाळा आणि वडिलांची रजा. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला.

चौथा पर्याय मी सुचवला: विमान कंपनीकडून आधीच लेखी घ्यायचं. वडिलांनी ईमेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा, की प्रवाशाने गंतव्य देशाचे नियम पाळावेत आणि अंतिम निर्णय विमानतळावर होईल. अशा उत्तराचा काउंटरवर काही उपयोग नाही. तरीही आम्ही ते छापून घेतलं, कारण त्यात 'गंतव्य देशाचे नियम' हे शब्द कंपनीने स्वतः लिहिले होते.

निर्णयाची रेघ

नवरा-बायकोचं एकमत होईना. मग आम्ही प्रश्न थोडा फिरवला. तत्काळ करायचं का, असं विचारण्यापेक्षा, कोणत्या तारखेपर्यंत अपॉइंटमेंट मिळाली तर जुना पासपोर्ट हातचा सोडायला हरकत नाही?

उलटं मोजलं. २४ला उड्डाण. २०, २१, २२, २३ दिवाळीचे दिवस, टपालाचा भरवसा नाही. १९ला रविवार. म्हणजे शनिवारी १८ तारखेला पासपोर्ट घरात हवा. तत्काळमध्ये पडताळणी लागली नाही तर पासपोर्ट एक-दोन कामकाजाच्या दिवसांत रवाना होतो, त्यात स्पीड पोस्टचे दिवस आणि एखादा कागद अपुरा निघाला तर पुन्हा चकरेसाठी एक दिवस धरला. सोमवार १३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख निघाली. त्या दिवसापर्यंत स्लॉट मिळाला तर नवा पासपोर्ट. नाही मिळाला तर जुन्याला हात लावायचा नाही आणि सगळं लक्ष काउंटरच्या तयारीवर.

नाशिकला १३च्या आत स्लॉट मिळाला नाही. देशात कुठूनही अर्ज करता येतो म्हणून ठाण्याचं केंद्र पाहिलं. तिथे मंगळवारी १४ला जागा दिसली. एका दिवसाने रेघेच्या पलीकडे.

इथे घरात खरी खडाजंगी झाली. आईचं म्हणणं, एका दिवसाने काय बिघडतंय, घेऊन टाकू. वडील म्हणाले, मग रेघ आखली कशाला. मी वडिलांच्या बाजूने बोलले, पण दिवसाच्या हिशेबापेक्षा आईच्या पासपोर्टवरच्या नावामुळे. पडताळणीची शक्यता नसती तर मी १४ तारीख घ्या असंच सांगितलं असतं. शेवटी स्लॉट सोडला.

तयारी

मालदीवच्या इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरचं प्रवेशाच्या अटींचं पान तारखेसह छापलं, एक महिन्याच्या ओळीवर पिवळी खूण. नातीचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचं ओळखपत्र सोबत घेतलं, फोटो ओळखू येत नाही असं कुणी म्हटलं तर असावं म्हणून. दरवर्षीच्या वाढदिवसाचे पाच फोटो फोनमध्ये एकत्र ठेवले. ही आजींची कल्पना.

गेस्टहाउसच्या आरक्षणात वेगळीच गंमत निघाली. त्यावर फक्त वडिलांचं नाव आणि 'दोन प्रौढ' एवढंच. आजी आणि नात कागदावर नव्हत्याच. गेस्टहाउसला लिहून चौघांची पासपोर्टप्रमाणे नावं असलेली नवी पावती मागवली, ती एका दिवसात आली. कुटुंबाने जाणाऱ्यांमध्ये ही चूक इतकी सर्रास दिसते, की पासपोर्टच्या आधी मी आता हाच कागद मागते.

इमुगाच्या बाबतीत मात्र पैसे गेले. गुगलवर सर्वांत वर आलेल्या एका संकेतस्थळावर वडिलांनी आधीच चौघांचे अर्ज भरून टाकले होते, माणशी शुल्क देऊन. दिसायला सरकारी, खाली बारीक अक्षरांत 'खासगी साहाय्य सेवा' असं लिहिलेलं. तिकडून 'अर्ज स्वीकारला' असा ईमेल आला होता, पण क्यूआर कोड नाही. तो येणार तरी कसा? खरा फॉर्म उड्डाणाच्या ९६ तास आधीपर्यंत भरताच येत नाही. पैशापेक्षा मला वाईट वाटलं ते चार पासपोर्टांच्या प्रती अनोळखी लोकांच्या हाती गेल्या याचं. ते आता परत घेता येत नाही. कार्ड तेवढं बंद करून नवं घ्यायला सांगितलं.

खरा फॉर्म २० तारखेला, नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि फराळ उरकल्यावर, सून आणि नवऱ्याने फोनवरून भरला. अर्ध्या तासात चार क्यूआर कोड आले. एक गोष्ट मुद्दाम सांगितली होती: नावं पासपोर्टच्या ओळींप्रमाणे. आपल्याकडे मधलं नाव पासपोर्टवर पहिल्या नावाच्याच ओळीत असतं आणि तिकिटावर अनेकदा गाळलेलं असतं, म्हणून तिकिटावरून नक्कल करू नये.

आजींचा बाळकृष्ण

आजी कुठेही गेल्या तरी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण बरोबर नेतात. काशी, रामेश्वर, मुलीकडे बंगळुरूला, सगळीकडे तो गेला आहे. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे. तो मुस्लिम देश आहे आणि कस्टमच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत मूर्ती, डुकराचं मांस आणि परवान्याशिवाय दारू स्पष्टपणे येतात. २०२४च्या नोव्हेंबरपासून ई-सिगारेटही.

हे आजींना सांगायचं कुणी, यावर घरात बरीच टोलवाटोलवी झाली. मुलाचं मत, सांगायचंच नाही, इतकी छोटी मूर्ती कोण बघतंय. सामान मात्र उतरल्यावर क्ष-किरण यंत्रातून जातं आणि पितळ त्यात ठळक दिसतं. सापडली तर मूर्ती अडकवून ठेवतात, आणि आधीच नातीच्या कागदांकडे लक्ष जाणार असताना आणखी एक निमित्त कशाला द्यायचं? शेवटी सुनेने सरळ सांगितलं. आजींचा प्रश्न एकच होता, "मग सहा दिवस त्याच्या नैवेद्याचं काय?" उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं. भाऊबीजेला लेक बंगळुरूहून येणारच होती, ती मूर्ती सोबत नेईल.

आजींच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत ट्रामाडॉल होतं. भारतातच २०१८पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे, तेव्हा परदेशात ते सुटं नेण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह.

विमानतळावर

काउंटर उघडताच हे लोक पुढे होते. भीती होती तेच झालं. कर्मचारी मुलगी म्हणाली, "मॅडम, बेबीचा पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड नाही." वडिलांनी छापील पान पुढे केलं. तिने ते बघितलंही नाही, आणि तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही. प्रवाशाने आणलेल्या कागदावर तिने का विश्वास ठेवावा?

या क्षणासाठी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. वाद न घालता म्हणायचं, "कृपया टिमॅटिकमध्ये मालदीव तपासा आणि सुपरवायझरना बोलवा." टिमॅटिक म्हणजे विमान कंपन्या वापरतात ती देशोदेशीच्या प्रवेशनियमांची प्रणाली, आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. काउंटरवरच्या माणसाला आपल्या छापील पानापेक्षा त्याच्या स्वतःच्या पडद्यावरचं पटतं. सुपरवायझर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तोवर आईचा चेहरा पडलेला, नात ट्रॉलीवर बसून चिरोटा खात होती. सुपरवायझरने प्रणालीत पाहिलं, तिथे एक महिनाच होता. मग त्याने परतीचं तिकीट आणि गेस्टहाउसची पावती मागितली, चौघांची नावं पाहिली आणि बोर्डिंग पास काढायला सांगितले.

मालेत इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने मुदतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याला फोटोचं कुतूहल वाटलं. बाळाचा फोटो, समोरची मुलगी, परत फोटो. जन्मदाखला दाखवला, आजींनी फोन पुढे केला. तो हसला आणि शिक्का मारला. कस्टममध्ये बॅगा यंत्रातून गेल्या, फराळाच्या डब्यांबद्दल कुणी विचारलं नाही. शुक्रवार असल्यामुळे माफुशीची सरकारी फेरी बंद होती. गेस्टहाउसने स्पीडबोट आधीच सांगून ठेवली होती म्हणून ते अडकले नाहीत.

निष्पत्ती

सहल पार पडली. शेवटच्या दिवशी गेस्टहाउसच्या बिलात १२० डॉलरचा हरित कर पाहून वडील चक्रावले. पन्नास किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला जानेवारी २०२५पासून माणशी दिवसाला ६ डॉलर पडतात, मोठ्या ठिकाणी १२. दोन वर्षांखालच्या मुलांना सूट असते, नात त्यात बसत नव्हती. परतीचा इमुगा त्यांनी २६ला भरला. नोव्हेंबरमध्ये नातीचा पासपोर्ट साध्या रांगेतून, हजार रुपयांत नवा झाला. पडताळणी लागली, आणि अहवाल जायला तीन आठवडे गेले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी: तिकीट काढण्यापूर्वी चारही पासपोर्टची मुदत बघितली असती तर ऑगस्टमध्ये दोन-अडीच महिने हातात होते. हे सांगायला सोपं आहे, पण सवलतीच्या तिकिटांचा मोह रात्री अकराला पडतो आणि पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये असतात. निदान मुलांच्या पासपोर्टचा तरी फोटो फोनमध्ये असावा.

थेट विमान निवडलं हे नकळत बरं झालं. कोलंबोमार्गे स्वस्त तिकीट होतं. तिथून गेले असते तर मुदतीचा तोच प्रश्न दुसऱ्या काउंटरवर, परक्या देशात, पुन्हा उपस्थित होऊ शकला असता.

काहींनी मला विचारलं, असा धोका पत्करण्यापेक्षा सेशेल्ससारखा देश का निवडू नये? तिथेही आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण प्रवासाची मंजुरी निघण्याआधी ऑनलाइन घ्यावी लागते. अशा पद्धतीत थोडे पैसे जातात, पण कागदात खोट असेल तर ती घरी बसून कळते. शंकास्पद कागद असलेल्या कुटुंबाला मी हल्ली हा मुद्दा आवर्जून सांगते. कागद चोख असतील तर मालदीवची पद्धत अधिक सुटसुटीत.

सुपरवायझर आला नसता, किंवा त्याने अडवलंच असतं, तर काय करायचं हे ठरलं होतं: आई आणि नात परत, वडील आणि आजी पुढे. आजींना हे सांगितलेलं नव्हतं. ते आधी सांगायला हवं होतं असं आता मुलगा म्हणतो, कारण रांगेतच त्यांना कळलं असतं तर त्या पुढे गेल्याच नसत्या.

आणि ठाण्याचा १४ तारखेचा स्लॉट. नोव्हेंबरमध्ये पडताळणीला तीन आठवडे लागले, यावरून वडील म्हणतात निर्णय बरोबर होता. आईचं म्हणणं असं, की तत्काळची फाइल वेगळी हलते आणि काउंटरवरची ती वीस मिनिटं टळली असती. दोघांपैकी कुणाचं बरोबर, हे नोव्हेंबरच्या अनुभवावरून सिद्ध होत नाही, तो अर्ज तत्काळचा नव्हताच. पुढच्या वर्षी सुनेने स्वतःच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालून घ्यायचं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.